कांद्याच्या वासाचा बर्फ

"माझ्या बर्फावरून दगड असा जाईल, असा जाईल, की लोण्यातून फिरणारी सुरीसुद्धा लाजेल!"

ओरेस्ट बाबियाक हे वाक्य सोमवारी टपाल कचेरीत बोलला. मंगळवारी धान्याच्या कोठारावर बोलला. बुधवारी न्हाव्याच्या खुर्चीत, मानेवर वस्तरा असताना, जिवावर उदार होऊन बोलला. गुरुवारपर्यंत डनमिअर गावाच्या सहाशे चाळीस माणसांना ते पाठ झालं होतं, आणि शुक्रवारी तर पाद्रीबाबांच्या तोंडून प्रार्थनेत ते निसटता निसटता राहिलं!

आता, बढाई मारावी असा ओरेस्टचा बर्फ होताच, हे कबूल करायला हवं. सत्तावीस हिवाळे तो डनमिअरच्या कर्लिंगच्या शेडमध्ये बर्फ घालत आला होता. कर्लिंग म्हणजे बर्फावरच्या गोट्याच समजा: जड दगड घसरवत सोडायचा, त्याच्या पुढचा बर्फ झाडूंनी घासून त्याला वाट करून द्यायची, आणि पलीकडच्या रंगीत वर्तुळांच्या मध्याशी, समोरच्याच्या दगडापेक्षा जवळ, नेऊन बसवायचा. रोज सकाळी पाठीवर गरम पाण्याची झारी बांधायची, हातातली नळी डावी-उजवीकडे झुलवायची, आणि उलट्या पावलांनी चालत जायचं. जात्याच्या पाळीतून पीठ झरावं तसे थेंब झरायचे. पडले की गोठायचे, गोठले की त्यांचा दाणा व्हायचा, आणि त्या दाण्यांवरून वीस किलोचा दगड असा तरंगत जायचा, जणू त्याला कुणी माहेरी बोलावलंय. ओरेस्टच्या खांद्यावर झारीच्या पट्ट्याचा वळ कायमचा उमटला होता. स्लावका, त्याची बायको, तेवढी जागा सोडून त्याच्या पाठीला तेल लावायची. "इथे तुझी सवत बसते," म्हणायची.

पण या फेब्रुवारीत गोष्ट साधी नव्हती. व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा डनमिअरला आली होती. टीव्हीसकट! आणि क्लबच्या अध्यक्षीण मार्जोरी पेनर यांनी ओरेस्टला बाजूला घेऊन सांगितलं होतं,

"ओरेस्ट, शहरातला एक बर्फतज्ज्ञ यायला तयार होता. त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे. तापमान मोजायची बंदूक आहे."

"बंदूक? बर्फाला काय करतोय तो, धमकावतोय?"

"विनोद पुरे. मी कमिटीशी भांडून तुझं नाव राखलंय. पण खेळाडूंची बर्फाबद्दल एक तक्रार आली, एकच, तर पुढच्या हिवाळ्यापासून झारी त्याच्या पाठीवर. माझा नाइलाज असेल."

ओरेस्ट हसला. पण रात्री जेवताना त्याने बीटचं सार दोनदा मिठाऐवजी साखर घालून प्यायलं, आणि ते स्लावकाने पाहिलं.

"घाबरलास?"

"मी? छे! खेळच विचित्र आहे म्हणून विचार करतोय. स्किन्स म्हणतात त्याला. आठ डाव. प्रत्येक डावाचं बक्षीस वेगळं."

"मग त्यात काय? ज्याचे गुण जास्त, त्याला बक्षीस."

"तसं नाही ना! ज्याच्या हातात डावातला शेवटचा दगड, त्याने दोन गुण करायलाच हवेत. एकच केला तर बक्षीस नाही."

"गुण मिळाला तरी नाही?"

"नाही. आणि समोरच्याने त्याच्याकडून एक जरी गुण चोरला, तर बक्षीस चोराचं."

"आणि कुणालाच नाही जमलं?"

"मग त्या डावाचं बक्षीस पुढच्या डावात जमा. साठतच जातं."

स्लावकाने हातातली पळी त्याच्यावर रोखली. "कमावलं ते मिळत नाही, चोरलं ते मिळतं. ओरेस्ट, हा खेळ आहे की सरकार?"

रविवार उजाडला. अंतिम सामना दुपारी दोनचा. बाहेर उणे छत्तीस. इंजिनं गोठू नयेत म्हणून विजेच्या दोऱ्यांना बांधलेल्या गाड्या दावणीच्या गुरांसारख्या ओळीने उभ्या. आत मात्र नुसती जत्रा! जिथे साठ माणसं दाटीने बसायची तिथे सहाशे बसली होती. मार्जोरीने बर्फाच्या कडेने फळ्यांची बैठक बांधून घेतली होती, आणि लोकांना जागेवरच खायला मिळावं म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला सुतार लावून नवी मोठी खिडकी पाडली होती. ती उघडत होती थेट बर्फावर.

त्या खिडकीपलीकडे स्लावकाचं राज्य. तीन शेगड्या, तीन पिंपाएवढी पातेली, आणि पेरोगींचे डोंगर! पेरोगी म्हणजे आपली मुरड घातलेली करंजीच समजा. पोटात बटाटा नि चीज, तळायच्या ऐवजी उकडायची, आणि वरून लोण्यात परतलेला कांदा. पहाटेपासून ती पाऱ्या मुडपत होती आणि आजीकडून आलेलं गाणं गुणगुणत होती:

पहिली ही पारी । चांदोबाची जोडी ।
मुडपली थोडी । पोटासाठी ॥

आणि सामन्याला अर्धा तास उरला असताना टीव्हीचा ध्वनिवाला ओरेस्टकडे धावत आला.

"काका, स्वयंपाकघरातला तो पंखा बंद करा हो! टीव्हीवर असं वाटतंय की कुणी ट्रॅक्टर चालवतंय."

"एवढंच ना?" ओरेस्ट म्हणाला. आज त्याला कुठलंही काम मोठं वाटत नव्हतं. तो शिडी चढला, वाफ बाहेर फेकणारा पंखा त्याने बंद केला. पण पंखा थांबताच धुराड्यातून उणे छत्तीसचा झोत खाली आला. हा वारा बर्फावर गेला तर? मग ओरेस्टने आपला जुना मेंढीच्या कातड्याचा कोट काढला आणि धुराड्याच्या तोंडात कोंबला, बाटलीला बूच मारावं तसा. खाली उतरून हात झटकले. "झालं! आता बर्फाला कशाचं भय नाही."

मंडळी, संकटं अशीच येतात. शिडी आपणच लावतो, चढतोही आपणच, आणि वर जाऊन आपणच बूच मारतो!

सामना सुरू झाला. एका बाजूला मॅनिटोबा प्रांताचा कप्तान कर्टिस ओलाफसन, धिप्पाड, आवाज असा की गुरांच्या बाजारात लिलाव पुकारावा. दुसऱ्या बाजूला अल्बर्टा प्रांताचा कप्तान लामारे, काडीसारखा, दिवसाला सात शब्द बोलणारा. पहिल्या डावात दगड खरोखरच लोण्यासारखे गेले. ओलाफसनला एकच गुण मिळाला, म्हणून बक्षीस पुढे सरकलं. ओरेस्टने मान ताठ केली. कमिटीच्या बाकाकडे बघून त्याने टोपीही उचलली.

तेवढ्यात स्लावकाने तिन्ही पातेल्यांवरची झाकणं काढली.

दुसऱ्या डावात लामारेने पहिला दगड सोडला. दगड निघाला, मध्यावर आला, आणि दमला! वर्तुळांच्या अलीकडे एक रेघ असते, तिच्यापुढे दगड गेलाच पाहिजे, नाहीतर बाद. तिकडे तिला डुकराची रेघ म्हणतात. का, ते डुकरालाच ठाऊक. लामारेचा दगड त्या रेघेअलीकडेच बसला, दुपारी जेवून ओसरीवर बसावं तसा. दुसरा दगड, तोही बसला. "झाडा! झाडा! जोरात झाडा!" झाडूवाले इतके झाडायला लागले की त्यांच्या कपाळाला त्या थंडीत घाम फुटला. कुणालाच काही जमेना. बक्षीस पुढे!

तिसऱ्या डावात ओलाफसनने ताकद लावली. झाडूने घासलेल्या वाटेवरून दगड सुसाट गेला, आणि बाजूने गेलेला रुसून बसला. बक्षीस पुढे! चौथ्यात दोन्ही कप्तान बर्फाकडे असे बघू लागले, जसा माणूस चावलेल्या पाळीव कुत्र्याकडे बघतो. बक्षीस पुढे!

मधली सुट्टी झाली. ओरेस्ट बर्फावर गुडघे टेकून बसला. दाण्यांवर पांढरी भुकटी धरली होती, पिठीसाखर भुरभुरल्यासारखी. त्याने त्यावर बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं.

कांदा!

सत्तावीस वर्षांत त्याच्या बर्फाला कधी कसला वास आला नव्हता. त्याने हळूच मान वर केली. नव्या खिडकीतून वाफेचा ढग, जाडजूड, आळसावलेला, बाहेर येत होता आणि बर्फावर शाल पांघरावी तसा उतरत होता.

ओरेस्ट धावला.

"स्लावका! पातेली उतरव!"

"का? तुझं काय शिजतंय त्यात?"

"तुझी वाफ माझ्या बर्फावर बसतेय! गोठतेय! दगड चालत नाहीत!"

"माझी वाफ? आणि पंखा कुणी बंद केला? धुराड्यात मेंढरू कुणी कोंबलं? मी?"

ओरेस्ट शिडी चढला आणि कोटाची बाही धरून ओढली. कोट दगडासारखा गोठला होता. त्याने दोन्ही हातांनी ओढलं. "खर्रर्र!" बाही हातात आली, आणि ओरेस्ट खाली आला, पिठाच्या परातीत! उठला तेव्हा भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, हातात एक बाही.

स्लावकाला हसू फुटलं होतं, पण तिने त्याचे डोळे पाहिले आणि हसू गिळलं.

"झारी जाईल, स्लावका," तो म्हणाला. एवढंच. हे त्याने गावात कुठेच बोलून दाखवलं नव्हतं.

बाहेर रांगेत माणसं बशा वाजवत होती. तिने एकदा रांगेकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग एक, दोन, तीन, तिन्ही शेगड्या विझवल्या.

"सवतीसाठी करतेय," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही."

पाचवा डाव. वाफ थांबली, झाडू फिरले, भुकटी गेली आणि बर्फ पुन्हा आरशासारखा! पण खेळाडूंचे हात आता जड बर्फाला सरावलेले. ओलाफसनने अंगात होती तेवढी ताकद घालून दगड सोडला. तो रंगीत वर्तुळांच्या घरात पुढच्या दाराने शिरला, मागच्या दाराने निघाला, आणि मागच्या फळीवर असा आदळला की बाकावरच्या एका म्हाताऱ्याची कवळी हलली! सोळाच्या सोळा दगड तसेच. एकही घरात टिकेना. बक्षीस पुढे!

तोवर लोक पाय आपटायला लागले होते. "पे-रो-गी! पे-रो-गी!" मार्जोरी स्वयंपाकघरात वादळासारखी शिरली.

"स्लावका, शेगड्या बंद? लोक फळ्या मोडतील! पेटव आधी!"

"ओरेस्टला विचार."

"ओरेस्टचा पेरोगीशी काय संबंध?"

ओरेस्टने बाही पाठीमागे लपवली. मार्जोरीने आपल्या हाताने तिन्ही शेगड्या पेटवल्या.

सहावा डाव, उकळी आली, बर्फ जड. बक्षीस पुढे! सातव्यात स्लावकाने पातेल्यात नवी पेरोगी सोडली, त्यामुळे पाणी गार पडलं. निम्मा डाव हलका आणि निम्मा जड. एकाच माणसाचे दोन दगड, एक रेघेआधी झोपला, दुसरा भिंतीला भेटून आला! बक्षीस पुढे!

आणि इथे एक चमत्कार झाला, मंडळी. लोक चिडायच्या ऐवजी वेडे झाले! सात डाव, आणि कुणालाच काही नाही! सगळंच्या सगळं साठून आठव्या डावात आलं होतं, इतकं की त्यात नवंकोरं मळणीयंत्र येऊन वर चिल्लर उरली असती. टीव्हीचा समालोचक माईकमध्ये किंचाळत होता, "डनमिअरच्या बर्फवाल्याने कमाल केलीय! हा माणूस प्रत्येक डावाला वेगळा बर्फ देतोय! असं आजवर कुणी केलं नव्हतं!" सहाशे माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कमिटीने टाळ्या वाजवल्या. न्हाव्याने शिट्टी मारली.

ओरेस्ट पांढऱ्या मिशांनी सगळ्यांना हात हलवत होता आणि मनातल्या मनात बर्फात विरघळत होता.

आठव्या डावाआधी दोन्ही कप्तान त्याच्याकडे आले. त्यांच्यामागे मार्जोरी, श्वास रोखून. झालं, ओरेस्टला वाटलं. आली तक्रार.

"मिस्टर बाबियाक," ओलाफसन म्हणाला, "आम्ही दोघं मिळून चाळीस वर्षं खेळतोय. असा बर्फ पाहिला नाही. कसा करता तुम्ही?"

आता बघा, ओरेस्टला सुटता आलं असतं. 'घराण्याचं गुपित आहे' एवढं म्हणायचं आणि मिशी पिळायची. पण या खेळाची एक रीत आहे. झाडू चुकून सरकत्या दगडाला लागला, तर पंचाने बघायची वाट कुणी बघत नाही. ज्याचा लागला तोच बोलतो. लहानपणापासून अंगात मुरलेली रीत ती. ओरेस्टने हात वर केला. नेमका तोच, ज्यात बाही होती.

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "मी धुराडं बुजवलं. पेरोगीची वाफ बर्फावर बसते. पातेलं उकळलं की बर्फ जड, निवलं की हलका. मी काहीच केलं नाही. जे केलं ते बटाट्याने केलं."

मार्जोरीने डोळे मिटून घेतले.

ओलाफसनच्या पोटातून हसू निघालं, खालून वर, पाणी उकळत यावं तसं. "म्हणजे आम्ही चुलीवर खेळतोय?"

आणि लामारे, दिवसाचे सात शब्द आधीच संपवून बसलेला लामारे, बोलला! "कांद्याचा वास मघापासून येतोय. मला वाटलं, माझाच हातमोजा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"शेगडी पूर्ण ठेवायची की बंद?" ओलाफसनने विचारलं.

"पूर्ण," लामारे म्हणाला. "निदान एक डाव तरी कळलेल्या बर्फावर खेळू."

त्यांनी त्यावर हात मिळवले, आणि ओरेस्ट निरोप घेऊन खिडकीशी पळाला. "स्लावका! आच मोठी! शेवटचा दगड थांबेपर्यंत पातेल्याला हात लावू नकोस! सगळं तुझ्यावर आहे!"

"सत्तावीस वर्षांत आज कळलं होय?" ती म्हणाली आणि तिन्ही चाव्या शेवटपर्यंत फिरवल्या.

काय डाव झाला तो! वाफ संथ उतरतेय, झाडू घासतायत, दगड कण्हत, रखडत, पण ठरल्या जागी येतायत. कप्तान सोडण्याआधी घराकडे नाही, खिडकीकडे बघतात. उकळी बघतात आणि ताकद ठरवतात! शेवटचा दगड ओलाफसनचा. त्याचा एक दगड मध्याजवळ होता, पण लामारेचा त्याहून आत, घराच्या मधोमध मालकासारखा बसलेला. त्याला हलवून स्वतः तिथे बसलं तरच दोन गुण, आणि दोन गुण म्हणजे सगळं.

ओलाफसन वाकला. सुटला. दगड निघाला.

सगळ्या शेडमध्ये नुसता पातेल्यांचा खदखदाट. दगड रेघेपार गेला, मंदावला. "झाडा रे! झाडा!" मंदावला, आणखी मंदावला. स्लावका अर्धी खिडकीबाहेर, हातात झारा, ओठ हलतायत. दगड जणू विचारात पडला, जावं की राहावं. आणि मग, पाटावर बसलेल्याला खांद्याने हलकेच सरकवावं तसं, त्याने लामारेच्या दगडाला ढकललं, आणि त्याच्या जागी बसला.

दोन!

छप्पर उडालं नाही, कारण वर तीन फूट बर्फ होता. नाहीतर उडालंच असतं! लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, चार पिढ्या न बोलणारी दोन कुटुंबं चुकून एकमेकांच्या गळ्यात पडली आणि मग तशीच राहिली. ओलाफसनने झाडू फेकला, लामारेला मिठी मारली, आणि जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायचं, या रिवाजाने त्याला हाताला धरून बैठकीत घेऊन गेला.

पण ओरेस्टचा जीव अजून टांगलेलाच. मार्जोरी वही घेऊन लामारेपुढे उभी राहिली. मागे अख्खी कमिटी.

"मिस्टर लामारे, नियमाप्रमाणे विचारते. तुमची काही तक्रार?"

"आहे," लामारे म्हणाला.

ओरेस्टच्या खांद्यावरचा वळ एकदम गार पडला.

"सांगा."

"माझी बशी रिकामी आहे. दोनदा हात केला. कुणी बघत नाही."

मार्जोरीने वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "एक तक्रार. स्वयंपाकघराविरुद्ध. बर्फाविरुद्ध, नाही." मग वही मिटून ती ओरेस्टकडे वळली. "मिशा पूस. आणि पुढच्या हिवाळ्याला लवकर ये, झारीचा पट्टा बदलायला झालाय."

त्या संध्याकाळी ओरेस्टला खांद्यावर घेऊन चार माणसांनी शेडभर फिरवलं. हातात एक बाही झेंड्यासारखी. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर तोच फोटो आला. त्याने त्याचे अकरा अंक घेतले आणि टपाल कचेरी, धान्याचं कोठार, न्हाव्याचं दुकान, असे वाटून आला.

मार्चमध्ये, दुपारी, फोन वाजला. स्पर्धेचे आयोजक होते. स्लावका ओट्याशी होती. ओरेस्टने फोन असा उचलला जसा राजदंड उचलावा.

"पुढच्या वर्षीही डनमिअरच," पलीकडून आवाज आला. "लोक अजून त्याच सामन्याबद्दल बोलतायत. तस्साच बर्फ हवा, मिस्टर बाबियाक."

"मिळेल की! त्याचं काय आहे, पाण्याचा कढ किती, थेंबाचा आकार किती, पावलांची लय, हे सगळं माझ्या..."

"हो हो, ते तुम्ही बघालच. पण कुठला डाव जड करायचा नि कुठला हलका, हे ठरवणाऱ्या मुख्य तज्ज्ञबाई आहेत ना, त्यांच्याशी जरा बोलायचं होतं. आहेत का घरात?"

ओरेस्टने फोनवर हात ठेवला. स्लावकाने पदर नव्हता म्हणून ॲप्रनला हात पुसले, फोन घेतला, खुर्ची ओढली आणि डोळ्यांनीच कोपऱ्यातलं पोतं दाखवलं.

बोलणं तासभर चाललं. तेवढ्यात ओरेस्टने अडीच किलो बटाटे सोलून काढले. आणि तज्ज्ञबाईंचं मत पडलं की सालं फार जाड निघालीत.